स्क्रममध्ये रेफरी कुठे आहे?

रग्बीचा एकही सामना न पाहिलेली हजारो माणसं रोज सकाळी 'स्क्रम' नावाच्या टीमच्या बैठकीला हजर असतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली, जिथे म्हणून सॉफ्टवेअरचं काम चालतं तिथे हा शब्द पार रुळून गेला आहे. "स्क्रम चालू आहे, नंतर बोलते" हे आता घरातल्या आजीलाही कळतं. कळतं म्हणजे एवढंच, की पुढची पंधरा मिनिटं, प्रत्यक्षात चाळीस, त्या खोलीत कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू जायला नको. शब्द मैदानातून आला हे प्रशिक्षणाच्या पहिल्या स्लाइडवर सांगतात. एकमेकांच्या खांद्यांत हात गुंतवून वाकलेल्या धिप्पाड गड्यांचा फोटो दाखवतात, 'टीमवर्क' म्हणतात आणि पुढच्या स्लाइडकडे वळतात. माझं म्हणणं असं, की त्या फोटोवर जरा जास्त वेळ थांबायला हवं होतं. कारण त्यात शिट्टी घेऊन बाजूला उभा असलेला एक माणूसही असतो, आणि त्याला आपण ऑफिसात आणलंच नाही.

रग्बीत स्क्रम होतो कधी? कुणाच्या हातून चेंडू पुढे निसटला, किंवा जो पास मागे द्यायचा तो पुढे गेला, म्हणजे चूक झाली पण मोठी नाही, अशा वेळी. त्यासाठी पेनल्टी लावत नाहीत. चूक न केलेल्या संघाला चेंडू आत टाकायचा हक्क मिळतो आणि खेळ पुन्हा सुरू होतो. दोन्हीकडचे आठ-आठ जण त्यात असतात. पुढच्या रांगेत तिघं, मधला हूकर आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रॉप. त्यांच्यामागे दोन लॉक, दोन फ्लँकर आणि शेवटी नंबर एट. आंतरराष्ट्रीय संघाच्या या आठ जणांचं वजन मिळून नऊशे किलोंच्या आसपास भरतं, आणि ते सगळं पुढच्या तिघांच्या माना-खांद्यांतून समोरच्या तिघांवर जातं. वर्षानुवर्षं प्रॉप म्हणून खेळलेल्या माणसाचे कान बघावेत. घासून-चेंगरून त्यांचा आकार कायमचा बिघडलेला असतो.

एवढा जोर म्हणून एवढाच कडक कायदा. रेफरी तीन शब्द उच्चारतो, क्राउच, बाइंड, सेट. पहिल्या शब्दाला वाकायचं, दुसऱ्याला प्रॉपनी समोरच्याची जर्सी धरायची, तिसऱ्याला भिडायचं. चेंडू आत पडेपर्यंत मात्र ढकलायचं नाही. ही पद्धत २०१३ पासूनची आहे. त्याआधी दोन्ही रांगा अंतरावरून येऊन धडकत. नव्या पद्धतीने धडकेचा जोर पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी होतो असं चाचण्यांमध्ये दिसलं आणि नियम बदलला. कुणी ढकलला जाऊन हवेत उचलला गेला की शिट्टी. स्क्रम कोसळला की शिट्टी. एकोणीस वर्षांखालच्या मुलांमध्ये दीड मीटरपेक्षा जास्त रेटायला मनाई.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आणखी एक नियम. पुढच्या रांगेत खेळण्याचं प्रशिक्षण घेतलेले खेळाडू संघाकडे उरले नाहीत, कुणी जखमी झाले, कुणी बाहेर काढले गेले, तर स्क्रम होतो पण ढकलाढकलीशिवाय. दोन्ही बाजू नुसत्या जोडून उभ्या राहतात आणि ज्याने चेंडू टाकला त्यालाच तो मिळतो. त्याला अनकंटेस्टेड स्क्रम म्हणतात. प्रेक्षकांना तो बेचव वाटतो, जोरकस संघाचं नुकसानही होतं, पण अर्धवट शिकलेल्या माणसाची मान पणाला लावायची नाही हे तिथे ठरून गेलेलं आहे. म्हणून मोठ्या सामन्यांत तेवीस जणांच्या चमूत पुढच्या रांगेत खेळू शकणारे सहा जण असावेच लागतात. आणि हे सगळं कशासाठी, तर ८० मिनिटांच्या सामन्यात साधारण दहा-पंधरा वेळा येणाऱ्या काही सेकंदांसाठी.

हे शहाणपण मुळात नव्हतं. इंग्लंडमधल्या वॉरिकशरच्या रग्बी स्कूलमध्ये १८२३ साली विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने चेंडू हातात घेऊन धाव ठोकली आणि खेळ जन्मला, ही कथा विश्वचषकाच्या नावात जाऊन बसली आहे. पण तिचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि ती पुढे आली तीही वेब एलिस वारल्यानंतर. भरवशाची गोष्ट १८४५ ची, शाळेतल्या मुलांनीच लिहून काढलेले नियम. त्या काळचा स्क्रम म्हणजे उभ्या उभ्या रेटारेटी. मध्ये चेंडू, भोवती दोन्हीकडचे बहुतेक सगळे, आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हा खेळाचाच भाग. त्याला हॅकिंग म्हणत. (आमच्या धंद्यातला आणखी एक शब्द तिथे भेटतो, पण तो निव्वळ योगायोग.) १८६३ साली फुटबॉल असोसिएशनने हॅकिंग वगळायचं ठरवलं तेव्हा ब्लॅकहीथ क्लब रुसून बाहेर पडला. लाथा काढल्या तर खेळात मर्दानगी ती काय उरली, असा सूर होता. पुढे १८७१ च्या जानेवारीत लंडनमध्ये २१ क्लबांनी मिळून रग्बी फुटबॉल युनियन काढली, आणि तिच्या पहिल्याच नियमावलीत लाथांवर बंदी आली. ज्यांनी लाथांसाठी घर सोडलं त्यांनाच आठ वर्षांत लाथा सोडाव्या लागल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये एडिनबरात स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तो वीस-वीस जणांचा. संख्या पंधरावर आली १८७७ साली. शब्दाची कुळीही भांडखोरच आहे. स्कर्मिश म्हणजे चकमक, त्याचं झालं स्क्रिमेज, मग स्क्रमेज, आणि तोंडाच्या सोयीने स्क्रम.

आपल्याकडे हा खेळ साहेबाच्या सामानातून आला. कलकत्त्याचा क्लब १८७८ मध्ये बंद पडला तेव्हा सभासदांनी शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला, मुठींना नाग आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता चषकासाठी भांडतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळ्यात रग्बी रंगते. तिथे चिखलात स्क्रम लागताना जवळून पाहिला तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक, भिडतानाचा आवाज, जो टीव्हीवर कधीच नीट ऐकू येत नाही. दुसरी, रेफरी किती वेळा त्यांना उठवून परत उभं करतो. लोक कंटाळतात, तो कंटाळत नाही.

आता इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातला स्क्रम बघा. तिथे तो झुंबड या अर्थाने चालतो. मंत्री गाडीतून उतरला की माइक, कॅमेरे आणि कोपरांचा जो गराडा पडतो तो मीडिया स्क्रम. कॅनडाच्या संसदेत तर पत्रकारांनी नेत्याला दालनाबाहेर असं गाठण्याचं नावच स्क्रम आहे. सेलच्या सकाळी दुकानाच्या दारात होतो तोही स्क्रम. लंडनचे महापौर असताना २०१३ मध्ये बोरिस जॉन्सन यांना पंतप्रधान व्हायचंय का असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले की स्क्रमच्या मागून चेंडू मोकळा सुटलाच, अर्थात तो सुटणार नाही, तर हात मारून बघायला मजा येईल. चेंडू पुढे सुटला आणि त्यांनी हात मारलाही, ते सोडा. सांगायचं ते हे, की बाहेरून पाहणाऱ्याला स्क्रम गोंधळासारखा दिसतो म्हणून भाषेने त्याचा अर्थ गोंधळ असा केला. खेळातला सर्वांत नियमबद्ध क्षण बोलण्यात आला तो बेशिस्तीचं नाव होऊन. याबद्दल माझी तक्रार नाही. भाषा असंच करते, आणि पत्रकारांच्या गराड्यामुळे कुणाचं आयुष्य घड्याळाला बांधलं जात नाही.

तक्रार आहे ती तिसऱ्या, ऑफिसातल्या अर्थाबद्दल.

१९८६ च्या जानेवारीत हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांचा एक लेख आला. फुजी-झेरॉक्सचं कॉपियर, कॅननचे कॅमेरे, एनईसीचा पर्सनल कॉम्प्युटर, होंडाची सिटी मोटार अशी उत्पादनं इतक्या झपाट्याने कशी तयार झाली याचा तो अभ्यास होता. त्यांचं निरीक्षण असं, की जुनी पद्धत रिले शर्यतीसारखी असते, एका खात्याने काम संपवून बॅटन दुसऱ्याच्या हाती द्यायची. या कंपन्यांमध्ये मात्र सगळी टीम रग्बीतल्यासारखी एकत्र पुढे सरकते, चेंडू आपापसात फिरवत. स्क्रम हा शब्द त्या लेखात आला तो या ओघात.

लेख वाचण्यासारखा आहे, आणि तो पुरता वाचला गेला असता तर बरं झालं असतं. त्यात वरिष्ठांनी पैसा द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं, असं सांगणारा एक अधिकारी भेटतो. होंडाच्या मोटारीवर काम करणाऱ्या टीमचं सरासरी वय सत्तावीस होतं आणि त्यांना आपल्या मनाप्रमाणे गाडी बनवायची मोकळीक होती. हे झालं गोड. पण त्याच लेखात होंडाचाच एक वरिष्ठ म्हणतो, की आम्ही टीमला वरच्या मजल्यावर चढवतो, शिडी काढून घेतो आणि सांगतो, मारा उडी, नाहीतर बघा. माणसाला भिंतीशी दाबलं की प्रतिभा जागी होते, असा त्याचा सिद्धान्त. आणि शेवटाकडे, या पद्धतीच्या मर्यादा सांगताना, लेखकद्वय स्वच्छ लिहून जातात की तिला असामान्य कष्ट लागतात. ऐन घाईच्या काळात टीममधली माणसं कधी कधी महिन्याला शंभर तास ओव्हरटाइम करतात, आणि एरवी साठ तास.

शंभर हा आकडा लक्षात ठेवा. पुढे २००१ मध्ये जपान सरकारने करोशीसाठी, म्हणजे अतिश्रमाने ओढवलेल्या मृत्यूसाठी, निकष ठरवले. त्यात मेंदू वा हृदयाचा झटका येण्याआधीच्या महिन्यात शंभर तासांच्या वर ओव्हरटाइम झाला असेल, तर त्याचा कामाशी घनिष्ठ संबंध धरायचा असं ठरलं. दोन ते सहा महिन्यांची सरासरी ऐंशी तासांच्या वर असली तरी तेच. २०१९ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना ओव्हरटाइमची कायदेशीर कमाल मर्यादा लागू झाली. ती एरवी महिन्याला ४५ तास, आणि अपवादात्मक महिन्यातही शंभराच्या आत. म्हणजे ज्या लेखातून आमचा स्क्रम निघाला त्यात घाईचा महिना म्हणून नोंदवलेले तास त्याच देशाने पंधरा वर्षांनी मृत्यूच्या निकषात घातले आणि तेहतीस वर्षांनी बेकायदा ठरवले. जपानलाही रेफरी शोधायला एवढा वेळ लागला.

दरम्यान शब्द अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या गोटात पोचला होता. जेफ सदरलँड यांनी १९९३ मध्ये ईझेल नावाच्या कंपनीत टीमच्या कामाच्या पद्धतीचं नाव म्हणून तो वापरला. केन श्वेबर यांनी १९९५ मध्ये परिषदेत त्या पद्धतीवर शोधनिबंध मांडला. २००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी जमून ॲजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या तुकड्यांत, बदल सामावत बनवण्याच्या विचाराचा, जाहीरनामा काढला. त्या जाहीरनाम्यामागच्या तत्त्वांत एक असं आहे, की सगळ्यांना एकसारख्या गतीने अनिश्चित काळ काम करत राहता आलं पाहिजे. त्याच सुमारास केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये तर आठवड्याला चाळीस तास हा नियमच होता, आणि सलग दुसऱ्या आठवड्यात ओव्हरटाइम करायची वेळ आली तर योजनेतच खोट आहे असं समजावं, अशी त्याची सांगी होती. बाजाराने उचलला तो स्क्रम. का, याची कारणं बरीच असतील. पण चाळीस तासांवर बोट ठेवणारी पद्धत मागे पडली आणि तासांबद्दल मौन पाळणारी घरोघरी गेली, हा केवळ नशिबाचा भाग आहे असं मला वाटत नाही. स्क्रम गाइड नावाची जी अधिकृत पुस्तिका आहे तिच्या २०२० च्या आवृत्तीत टिकेल अशा गतीचा उल्लेख एका वाक्यात येतो. कामाच्या तासांची मर्यादा कुठेच नाही.

बरं, त्या गाइडमध्ये जे आहे ते तरी पाळलं जातं का? रोजची पंधरा मिनिटांची बैठक डेव्हलपरांनी आपापसात दिवसाची आखणी करायची म्हणून आहे. मॅनेजरला हजेरी देण्यासाठी ती नाही. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न २०२० मध्ये गाइडमधून काढूनही टाकले, कारण त्यांची पोपटपंची झाली होती. टीम ठरलेल्या यादीची हमी देत नाही, अंदाज देते, असा बदल तर २०११ मध्येच झाला. आणि पुण्यात?

पुण्यात सकाळी साडेदहाला टीम्सवर अकरा चौकोन उघडतात, पैकी नऊंचे कॅमेरे बंद. "येस्टरडे आय वर्क्ड ऑन द पेमेंट स्टोरी, टुडे आय विल कंटिन्यू द सेम, नो ब्लॉकर्स." ब्लॉकर असतो. टेस्टिंगचं सर्व्हर दोन दिवस बंद आहे, किंवा पलीकडच्या टीमने उत्तर दिलेलं नाही. पण ब्लॉकर म्हटलं की "ऑफलाइन बोलू" येतं, आणि ऑफलाइन बोलणं म्हणजे रात्री साडेआठचा कॉल, कारण तेव्हा अमेरिकेतल्या क्लायंटची सकाळ असते. म्हणून ब्लॉकर नसतो. नवीन लागलेली मुलगी दोन आठवड्यांत हे शिकते. तिला कुणी शिकवावं लागत नाही. मॅनेजर म्यूटवर ऐकत असतो आणि मधूनच जिराच्या, म्हणजे कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बोर्डावर एखादं कार्ड हलतं. स्प्रिंट म्हणजे कामाचा दोन आठवड्यांचा टप्पा. त्याच्या शेवटच्या गुरुवारी काम उरलं तर त्याला स्पिलओव्हर म्हणतात, आणि स्पिलओव्हर दिसू नये म्हणून गुरुवारची रात्र असते. सोमवारी नवा स्प्रिंट. धावपटू दोन स्प्रिंटच्या मध्ये बसतो, पाणी पितो. आमच्याकडे एक संपल्याच्या दिवशीच दुसऱ्याचं प्लॅनिंग लागतं, आणि वर्षाचे सव्वीस स्प्रिंट सलग होतात.

रग्बीतला स्क्रम लहानशी चूक माफ करून खेळ पुढे नेण्यासाठी आहे. ऑफिसातला स्क्रम ती चूक रोज सकाळी सगळ्यांसमोर मांडण्यासाठी वापरला जातो. तिथे पुढच्या रांगेत उभं राहायला वर्षांचा सराव लागतो आणि तो नसेल तर रेफरी ढकलणंच थांबवतो. इथे दोन दिवसांचा कोर्स करून माणूस स्क्रम मास्टर होतो आणि लिंक्डइनवर बॅज लावतो. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. गाइडप्रमाणे त्याने टीमच्या वाटेतले अडथळे दूर करायचे असतात. बढती मात्र त्याला डिलिव्हरीच्या तारखेवर मिळते. दोन्ही संघांना अंतर ठेवून असणारा रेफरी तो होऊच शकत नाही, तो एका संघाच्या पगारावर आहे.

इथे दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही फेकून देण्यासारखे नाहीत.

पहिला, की ॲजाइलच्या आधी काय सुख होतं? ज्यांनी वॉटरफॉलचे, म्हणजे एक टप्पा पुरा संपवून मगच पुढचा धरण्याचे, दिवस पाहिलेत त्यांना विचारा. दीड वर्ष कागद रंगवायचे, सहा महिने कोड, आणि शेवटच्या दोन महिन्यांत ऑफिसातच झोपायचं. काम छोट्या तुकड्यांत करणं, दर दोन आठवड्यांनी गिऱ्हाइकाला दाखवणं, टीमने स्वतः अंदाज देणं, हे खरोखर चांगलं आहे. जिथे ते मनापासून होतं तिथे लोक वेळेवर घरी जातात, अशा टीमही मी पाहिल्या आहेत. मी स्क्रम मोडा म्हणत नाही. आधीचा जाच एकदम यायचा, आताचा हप्त्याने येतो, आणि हप्त्याने आलेला जाच मोजता येतो. मग मोजा, एवढंच.

दुसरा आक्षेप पगाराचा. आयटीवाल्यांना बक्कळ मिळतं, त्यांनी रडू नये. या वाक्याला समाजात फार टाळ्या पडतात. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सुचवलं, २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी नव्वद तासांची गोष्ट काढली. त्यावर विनोद खूप झाले, पण मनातून बऱ्याच वडीलधाऱ्यांना ते पटलं होतं. आता रग्बीकडेच बघा. तिथल्या व्यावसायिक प्रॉपलाही बक्कळ मिळतं, तरी त्याच्या मानेवरची शिट्टी कुणी काढून घेतलेली नाही. पगार हा कामाचा मोबदला आहे. त्यातून सुरक्षेची खरेदी-विक्री होत नसते. शिवाय सगळ्यांना बक्कळ मिळतं हेही खरं नाही. मोठ्या सेवा कंपन्यांमध्ये नव्याने लागलेल्या मुलाचा पगार गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घोटाळतो आहे, आणि त्यातून हिंजवडीतलं पीजी, बस आणि घरी पाठवायचे पैसे काढायचे असतात.

तर मग रेफरी कोण? माझ्या मते आपल्याकडे तो कागदावर आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. त्यात मुळात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला आणि तीन महिन्यांत मिळून ओव्हरटाइम १२५ तासांपेक्षा जास्त नाही, असं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाचे तास दहा आणि तिमाहीचा ओव्हरटाइम १४४ तास करायला मंजुरी दिली. म्हणजे महिन्याला ४८. जपानी लेखातल्या शंभराच्या निम्म्याहून कमी, हे खरं. पण दिशा कुठली आहे हेही बघा. जपान खाली आला, आपण वर निघालो. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क द्यावा यासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं आपल्या संसदेत जे होतं तेच त्याचं झालं.

पण नवीन कायद्याच्या आधी जुन्याचंच एक कलम कामाचं आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी स्वरूपाच्या पदावरची माणसं या कायद्यातून वगळलेली आहेत. आयटी कंपन्यांचा सगळा बचाव इथे उभा राहतो. आमचे सगळेच लीड, सीनियर, असोसिएट, म्हणजे पर्यवेक्षी, म्हणजे तासांचा प्रश्नच नाही. आता हे त्यांच्याच स्क्रमशी ताडून बघा. स्क्रमचा पायाच असा आहे, की टीम स्वतःचं काम स्वतः ठरवते, तिच्यात उतरंड नसते, कुणी कुणाचा साहेब नसतो, स्क्रम मास्टरसुद्धा नाही. हे प्रत्येक प्रशिक्षणात, प्रत्येक इंटरव्ह्यूमध्ये, प्रत्येक टाउनहॉलमध्ये सांगितलं जातं. टीममध्ये कुणीच कुणाचा पर्यवेक्षक नसेल, तर कामगार खात्याच्या दप्तरी ते सगळे पर्यवेक्षक कसे होतात? दिवसभर कोड लिहिणारी, टेस्ट चालवणारी, बग मिटवणारी मुलगी नेमकी कुणाचं पर्यवेक्षण करते?

कायद्याने यालाही वाट ठेवली आहे. अशा वगळलेल्या पदांवरच्या माणसांची यादी आस्थापनेने आपल्या संकेतस्थळावर लावायची आहे, संकेतस्थळ नसेल तर ऑफिसात ठळक जागी, आणि तिची प्रत सरकारी अधिकाऱ्याला, ज्याला या कायद्यात सुविधाकार म्हटलं आहे, द्यायची आहे. एवढ्या वर्षांत अशी यादी माझ्या तरी नजरेला पडलेली नाही. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो असतात, मूल्यांची पानं असतात, मिळालेल्या पुरस्कारांची रांग असते. या वाचकांपैकी जे सकाळी साडेदहाच्या कॉलला बसतात त्यांनी एचआरला एका ओळीचा मेल पाठवून ती यादी मागावी, आणि आपलं नाव तिच्यात आहे का, असेल तर कुणाचे पर्यवेक्षक म्हणून, हे विचारावं. एकट्याने पाठवायची भीती वाटत असेल तर अकराही चौकोनांनी मिळून पाठवा.